न धुतलेला जग

मी एक जुना जग आहे. आकाश, समुद्र आणि माणसं असलेलं ते जग नव्हे हं. मी पाऊण लिटरचा, स्टीलचा, एका कानाचा जग. कॉफीसाठी दूध फेसाळायला वापरतात तसा. मित्रांनो, तुम्ही कधी कॅफेत काउंटरपाशी उभे राहिला असाल, तर पलीकडून येणारा 'फुस्स' असा आवाज तुम्ही ऐकला असेल. दुधात वाफ शिरते तेव्हाचा तो आवाज. तो माझ्या पोटातून यायचा. आता माझ्या पोटातून कसलाच आवाज येत नाही.

माझी गोष्ट गोड नाही. तुम्हाला घाबरवावं म्हणून मी ती सांगत नाही. एक शनिवार माझी पाठ सोडत नाही, आणि तो कोणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आधी मी पत्र्याची नुसती गोल चकती होतो. एका यंत्रानं मला वरून दाबलं, मग आणखी दाबलं, आणि चकतीचा पेला झाला. दुसऱ्या यंत्रानं माझं तोंड एका बाजूला चिमटीत धरून पुढे ओढलं, तिथे चोच आली. मग कान जोडला. शेवटी मी एका बाईंच्या हातात पोहोचलो. त्या तोंडाला फडकं बांधून, फिरत्या चाकावर भांडी चकचकीत करत. दिवसाला शेकडो भांडी त्यांच्या हातून जात. तरी प्रत्येक भांडं खिडकीकडे धरून त्या आत एकदा डोकावत. माझ्या आतही डोकावल्या. त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, तेव्हा त्यांनी कपाळावरची बट मागे सारली आणि मला खोक्यात ठेवलं.

खोक्यात आम्ही चार भावंडं होतो. चौघंही एकाच कॅफेत आलो. त्या नावाचे कॅफे गावोगावी होते. सगळीकडे त्याच राखाडी खुर्च्या, तेच पिवळे दिवे, तीच गाणी त्याच क्रमानं. भिंतीवर पेयांची मोठी पाटी. मॅनेजर नव्या माणसांना सांगत, "आपल्या सगळ्या शाखा सारख्या दिसल्या पाहिजेत. गिऱ्हाईक कुठेही गेलं तरी त्याला वाटलं पाहिजे, अरे, मी तर इथे येऊन गेलोय." मला तेव्हा ते ऐकून बरं वाटायचं. घर मिळाल्यासारखं वाटायचं.

यंत्राशेजारी सिरपच्या बाटल्यांची रांग होती. व्हॅनिला, कॅरमेल, गुलाब, पुदिना, लव्हेंडर, दालचिनी, संत्र्याची साल, भाजलेला मार्शमॅलो, भोपळ्याचा मसाला आणि अगदी टोकाला हेझलनट. प्रत्येकीच्या डोक्यावर दाबायचा पंप. गिऱ्हाइकानं नाव सांगायचं, की त्या त्या बाटलीचं डोकं दाबायचं, एकदा, दोनदा. कॉफी कपात उतरायची आणि मग माझं काम. दूध माझ्यात ओतायचं, वाफेची नळी आत बुडवायची. दूध गरगर फिरायचं, फुगायचं, मऊ व्हायचं. ते माझ्या चोचीतून कपात पडायचं.

हे सारं करायच्या माई. तिथे काम करणारे बाकीचे सगळे विशी-पंचविशीचे, आणि त्या पंचेचाळिशीच्या, म्हणून सगळे त्यांना माई म्हणत. आधी त्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होत्या. कोणाला मीठ नको, कोणाला साखर नको, कोणाला गहू नको, अशी ताटं त्यांनी पंधरा वर्षं लावली होती. त्यामुळे कामाला लागल्या की त्यांची नजर माशीसारखी एका जागी ठरत नसे. इथून तिथे, तिथून इथे, सगळीकडे. नव्या मुलांना त्या पहिल्याच दिवशी सांगत, "दूध बदललं की जग धुवायचा. हूल दिल्यासारखं पाणी फिरवायचं नाही. साबण, ब्रश, गरम पाणी."

आणि मुलं गोंधळू नयेत म्हणून त्यांनी आम्हा चौघांना खुणाही केल्या होत्या. बदामाच्या दुधाच्या जगाच्या कानाला लाल पट्टी, सोयाच्या जगाला हिरवी. मी आणि माझा एक भाऊ साध्या दुधाचे, आमचे कान मोकळे. बरीच वर्षं आमचं छान चाललं होतं.

मग एकदा मोठ्या ऑफिसातून पाहणीवाले आले. त्यांनी कपाटं उघडून पाहिली, टेबलांवरून बोटं फिरवली, आणि लाल पट्टीपाशी येऊन थांबले.

"हे काय बांधलंय?"

"खूण आहे साहेब," माई म्हणाल्या. "कुठल्या जगात कुठलं दूध, ते चटकन कळतं."

"दुसऱ्या कुठल्याच शाखेत असलं काही नाही. आणि नियम तर आहेच ना, दर वेळी धुवायचं म्हणून? धुतलं की झालं. मग खूण कशाला?"

पट्ट्या निघाल्या. आम्ही चौघं पुन्हा सारखे दिसू लागलो.

आता मासोळीबद्दल सांगतो.

ती पंधरा वर्षांची होती. दर शनिवारी सकाळी ती पोहायला जायची आणि तिथून बाराच्या सुमारास मामाबरोबर कॅफेत यायची. केस ओले, खांद्यावर ओला डाग, डोळ्यांभोवती पोहण्याच्या चष्म्याची गोल खूण. तिची आई पाणीखात्याच्या तक्रारींचे फोन घ्यायची आणि शनिवारीही तिला सुट्टी नसायची, म्हणून मामा तिला न्यायचा-आणायचा. मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासून त्यांना नंबर द्यायचा. दिवसभर बारीक काम करून त्याला सवयच लागली होती, काहीही पाहायचं तर मान पुढे काढून, डोळे बारीक करून.

कपावर लिहायला नाव विचारतात ना, तेव्हा मामानं पहिल्या दिवशी सांगितलं, "मासोळी." ती हळूच ओरडली, "मामा!" पण ते नाव पडलं ते पडलंच. तिचा कप तयार झाला की काउंटरवरून हाक जायची, "मासोळी!" आणि ती दोन उड्यांत पुढे यायची.

दोघांनी ठरवलं होतं, हेझलनटसारखे सुक्या मेव्याचे सोडून पाटीवरचा एकेक स्वाद चाखायचा. दर शनिवारी एक, वरून खाली, क्रमानं. तिच्या कपात कॉफी कमी, दूध जास्त. मामाच्या कपात उलट. मग ती वहीत लिहायची आणि मामाला वाचून दाखवायची. लव्हेंडरबद्दल तिनं लिहिलं, "आजीच्या कपाटात तोंड घालून कॉफी प्यायल्यासारखं. दहापैकी चार." पुदिना आणि चॉकलेटबद्दल, "दात घासले आणि लगेच पस्तावलो. दहापैकी सहा." भोपळ्याच्या मसाल्याबद्दल, "भाजी नटूनथटून लग्नाला आली आहे. कौतुक म्हणून सात."

"तुला कसं लागलं?" ती मामाला विचारायची.

"मला सगळ्यात साखरच लागते गं," मामा म्हणायचा.

"म्हणजे तुझं नाक फक्त चष्मा धरायला आहे!"

पण पैसे द्यायच्या आधी, दर शनिवारी, मामा काउंटरवरून मान पुढे काढून माईंना एक गोष्ट विचारायचाच. "बदाम, काजू, अक्रोड असलं काही नाही ना यात? हिला अजिबात चालत नाही. एवढंसं गेलं तरी श्वास कोंडतो." आणि माई सांगायच्या, "नाही हो मामा. हिचा कप मी स्वतः करते." मग त्या बाटली उचलून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचायच्या, मला नळाखाली धरून घासायच्या, आणि मगच दूध ओतायच्या. मासोळी तोवर लाजून दुसरीकडे बघायची. मागे रांग असायची ना. एकदा ती पुटपुटली, "मामा, दर वेळी काय विचारतोस? त्यांना पाठ झालंय आता." मामा म्हणाला, "होऊ दे पाठ."

तिच्या कपावर माई मासा काढायच्या. हे कसब त्यांनी फक्त तिच्यासाठी शिकून घेतलं होतं. मला तिरपं धरून, मनगट हलकंसं हलवत, दुधाची धार आधी जाड, मग बारीक. अंग उमटायचं, मग कल्ले, शेवटी एका झटक्यात शेपूट. इतर गिऱ्हाइकं मान वळवून बघायची. "वा! काय हात आहे!" म्हणायची. हात माईंचा, पण चोच माझी होती, मित्रांनो. मला फार अभिमान वाटायचा.

असे बारा शनिवार झाले. बारा स्वाद झाले.

तेराव्या शनिवारी कॅफेत नवं पेय आलं. बदाम आणि मध. महिनाभर त्याची चित्रं लागली होती. दार उघडायच्या आधीच बाहेर माणसं उभी होती. त्यातच कामावरचा एकजण तापानं आजारी पडला आणि आला नाही. बारा वाजेपर्यंत रांग दाराबाहेर गेली. धुण्याच्या बेसिनमध्ये भांड्यांचा ढीग साचला. एक जग कुठल्याशा ट्रेखाली दबला होता, दोघं बेसिनच्या तळाशी. हाताशी मी एकटा. सकाळपासून माझ्यात बदामाचं दूध पडत होतं. एक कप, की पुन्हा बदामाचं दूध. पुन्हा एक कप. एकच पेय सारखं करायचं तर मध्ये धुवायची गरजही नव्हती.

तेवढ्यात मामाची मान पुढे आली. गोंगाटात त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

"माई, हिच्यासाठी दालचिनी आणि संत्र्याची साल. बदाम-बिदाम नाही ना त्यात?"

माईंनी मान वर केली नाही. दोन्ही हात गुंतलेले होते. "नाही हो मामा," त्या म्हणाल्या. "हिचं मी वेगळं करते."

त्या खोटं बोलल्या नाहीत. वेगळंच करायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी कपात दालचिनीचा पंप दाबला, संत्र्याचा दाबला, कॉफी उतरवली. मग कोणीतरी ओरडलं, "माई, चार नंबरचं झालं का?" त्यांनी तिकडे चार नंबरचा कप सरकवला. त्याच हातानं फ्रीज उघडला, साध्या दुधाची पिशवी काढली, आणि दुसऱ्या हातानं मला उचललं.

माझ्या तळाशी दोन चमचे बदामाचं दूध होतं.

मला तोंड आहे, कान आहे, पोट आहे. जीभ नाही. ते साधं दूध माझ्यात पडताना मला कळत होतं. दोन्ही दुधं पांढरीच. वाफ आत शिरली, सगळं गरगर फिरलं आणि एक झालं. त्यानंतर ते कोणालाच वेगळं करता आलं नसतं.

एवढ्या घाईतही माईंनी मासा काढला. शेपूट जरा वाकडी आली.

"मासोळी!"

ती आली. कप पाहून हसली. खिडकीपाशी जागा मिळाली होती, तिथे जाऊन बसली. मासा मोडू नये म्हणून तिनं आधी कडेकडेनं घोट घेतले. चार घोट, फार तर पाच. मग तिनं ओठ खाजवला. मग मान खाजवली.

"मामा," ती म्हणाली, "ओठ चुरचुरतायत."

मामा असा उठला की खुर्ची मागे पडली. "पिशवी! तुझी औषधाची पिशवी कुठंय?"

"गाडीत."

गर्दीमुळे गाडी दोन गल्ल्या सोडून लावली होती. मामा धावला. मी काउंटरवर होतो, मला सगळं दिसत होतं. माई काउंटरला वळसा घालून धावल्या. त्यांनी तिला खुर्चीतून खाली घेतलं, छातीशी टेकवून बसवलं. "हळू घे श्वास. माझ्याकडे बघ. मामा आलाच. आलाच बघ." कोणी तरी रुग्णवाहिकेला फोन लावला. गाणं चालूच होतं. मासोळी श्वास घ्यायला बघत होती, आणि बारीक झालेल्या वाटेनं हवा आत जाताना एक आवाज होत होता. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. रोज माझ्या पोटातून येतो तसाच, फक्त फार लहान.

मामा आला. पिशवीतली सुई त्यानं तिच्या मांडीत टोचली. मग रुग्णवाहिका आली आणि ते गेले.

या गडबडीत काम करणाऱ्या एका मुलीनं खिडकीजवळचं टेबल आवरलं. वाईट हेतूनं नाही. टेबल रिकामं झालं की आवरायचं, हे तिच्या अंगवळणी होतं. कप धुतला गेला. मीही धुतला गेलो. साबणानं, ब्रशनं, कडकडीत पाण्यानं. नको तेव्हा.

मासोळी तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारली.

बातमी आली तेव्हा मॅनेजरनं माईंना मागच्या खोलीत बोलावलं. मी तिथेच फळीवर होतो. टेबलावर एक छापील कागद होता.

"माई, जग धुतला होता ना?"

माईंनी तोंड उघडलं.

"धुतलाच असणार. तुम्ही काय आजच्या आहात का?" मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी लिहिलं. लिहिताना त्यांचाही हात जरा थांबला होता, ते मी पाहिलं. पण त्यांनी लिहिलं. "सही करा इथे."

माईंनी सही केली.

चौकशीला माणसं आली. त्यांना सगळं लखलखीत दिसलं. कप नव्हता, दूध नव्हतं. शिवाय त्या सकाळी पोहण्याच्या तलावावर मुलांना बिस्किटं वाटली होती, असं कळलं. कदाचित त्यात काही असेल. कारण नक्की सांगता येत नाही, असं ठरलं. पाटीवर पुढच्या महिन्याचं पेय आलं. खिडकीजवळच्या खुर्चीवर माणसं बसू लागली.

माईंनी मला वरच्या फळीवर, अगदी मागे ठेवून दिलं. तिथे धूळ होती, तुटलेले पंप होते, जुन्या पाट्या होत्या. तिथून मला माईंचं फक्त डोकं आणि हात दिसायचे. त्या इतर जग धुवायच्या, ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या, पुन्हा धुवायच्या. बोटांची कातडी सोलवटली. कोणाचंही नाव पुकारलं की त्या दचकायच्या. एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांचा कप भरताना त्यांचं मनगट आपोआप हललं, आणि कपात मासा आला. अंग, कल्ले, शेपूट. माई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो कप बेसिनमध्ये ओतला आणि नवा केला. त्यानंतर त्यांनी फेसावर कधी काहीही काढलं नाही. मुलं म्हणाली, माईंचं वय झालं आता.

आणि मी? रिकामा होतो, कोरडा होतो. तरी मला सारखं वाटायचं, तळाशी अजून काहीतरी आहे. वर्दळ थांबली की ते हलतं.

सात आठवड्यांनी, एका सुन्या दुपारी, मामा आला. दाढी वाढलेली. तो रांगेच्या जागी उभा राहिला, रांग नव्हती तरी.

"काय देऊ?" माईंनी सवयीनं विचारलं, आणि मग ओळखलं.

"काही नको," मामा म्हणाला. "एक विचारायला आलोय. राग मानू नका. त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं का?"

माईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"दर वेळी विचारायचो. त्या दिवशी गर्दी होती, आवाज होता. मी आठवून आठवून बघतो. कधी वाटतं, विचारलं होतं. कधी वाटतं, ते आधीच्या शनिवारचं आठवतंय मला. ताई म्हणते, तू विसरला असशील. एकदाच म्हणाली, मग बोलणंच टाकलं तिनं. दार उघडत नाही. मला फक्त एवढं सांगा. विसरलो असेन तर तसं सांगा. ते चालेल मला. पण हे असं अधांतरी नाही चालत."

मित्रांनो, तेव्हा कॅफेत तिसरं कोणी नव्हतं. कागदावर सही झालेली होती. माईंनी 'आठवत नाही' असं म्हटलं असतं, तर ते कोणीही मानलं असतं. त्यांचे दोन्ही हात काउंटरवर टेकलेले होते, आणि ते पांढरे पडले होते.

"विचारलं होतं तुम्ही," माई म्हणाल्या. "मोठ्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, नाही हो मामा, हिचं वेगळं करते. आणि मग मी न धुतलेला जग उचलला. त्यात बदामाचं दूध होतं. मी केलं ते. तुम्ही नाही."

मामानं काउंटरची कड धरली. तो ओरडेल असं मला वाटलं. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"हे ताईला सांगाल?" शेवटी तो म्हणाला. "माझ्यावर तिचा विश्वास नाही बसायचा."

माईंनी ॲप्रन काढून खुंटीला अडकवला. स्टुलावर चढून त्यांनी मला मागून ओढून काढलं आणि कापडी पिशवीत घातलं. मागच्या खोलीतून मॅनेजर आले. "माई? कुठे निघालात? अजून चार तास आहेत तुमचे."

"त्या कागदावर जे लिहिलंय ना साहेब, ते खरं नाही," माई म्हणाल्या. "आल्यावर दुरुस्त करू."

मासोळीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. तिच्या आईनं दार उघडलं, भावाला पाहिलं आणि दार लोटू लागली.

"ताई, मी आत येत नाही," मामा जिन्यावरूनच म्हणाला. "फक्त यांचं ऐकून घे."

माईंनी बसायला नकार दिला. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रांग, ढीग, दोन चमचे, सही. कुठेही 'घाई होती म्हणून' असं म्हणाल्या नाहीत. मासोळीची आई ऐकत होती. तिचं कामच होतं लोकांचं ऐकून घ्यायचं. त्यामुळे असेल, ती मध्ये बोलली नाही.

मग तिनं विचारलं, "म्हणजे यानं विचारलं होतं?"

"विचारलं होतं. एकही शनिवार चुकवला नाही त्यांनी."

"कुठलं भांडं?"

माईंनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. मासोळीच्या आईनं मला उचललं. माझ्या आत हात घातला आणि तळाला बोटं टेकवली. तिची बोटं गार होती.

"इथे?"

"हो."

कितीतरी वेळ ती बोटं तिथेच होती. मग ती दाराशी गेली. मामा जिन्यावर भिंतीला टेकून उभा होता.

"भाऊ, आत ये," ती म्हणाली. "बाहेर का उभा आहेस? जेवलायस का?"

मामा तिथेच पायरीवर बसला आणि रडू लागला. माईंनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. त्या म्हणाल्या, "मी माफी मागायला नाही आले. कुठल्या तोंडानं मागू?"

"नका मागू," मासोळीची आई म्हणाली. "माझ्याकडे नाहीये ती." थोड्या वेळानं म्हणाली, "हे भांडं राहू दे इथे."

माई एकट्याच जिना उतरून गेल्या. पुढचं मला मामाच्या बोलण्यातून कळलं. माईंनी चौकशी पुन्हा उघडायला लावली आणि तिथे तेवढंच, तसंच सांगितलं. त्यांचं काम गेलं, मॅनेजरचंही गेलं. त्या नावाच्या सगळ्या कॅफेंना बदामाच्या दुधासाठी निळ्या रंगाचे जग ठेवावे लागले, सगळीकडे सारखे. माई आता पुन्हा एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आहेत. ताट बाहेर जाण्याआधी त्या चिठ्ठी दोनदा मोठ्यानं वाचतात. नवी माणसं त्यांना हसतात म्हणे. त्या तिसऱ्यांदा वाचतात.

मी इथे, या घरात आहे. माझ्यात कोणी काही ठेवत नाही. फुलं नाही, चमचे नाही. पण दर शनिवारी दुपारी मामा जेवायला येतो, आणि जेवणं झाली की त्याची ताई मला फळीवरून काढते. साबण लावते, ब्रश फिरवते, चोचीच्या आत बोट घालून घासते, गरम पाणी ओतते. मग मला खिडकीकडे धरते.

"बघ रे भाऊ, निघालं का?"

मामा चष्मा सारखा करतो, मान पुढे काढतो आणि माझ्या आत बराच वेळ पाहतो.

"निघालं, ताई. काही नाही आत."

"परत एकदा धुते," ती म्हणते.

मित्रांनो, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. हात नाहीत मला, पण जोडले असं समजा. उद्या तुम्ही कोणासाठी पेलाभर दूध कराल, ताट वाढाल, दुकानात उभे राहाल. कोणी विचारलं, "यात अमुक नाही ना?", तर आधी हातातलं खाली ठेवा. भांड्यात डोकावून बघा. मग बोला. तुमच्यापैकी कोणाला असं विचारावं लागत असेल, तर त्यानं लाजू नये. आणि आपलं औषध गाडीत नाही, खिशात ठेवावं.

रांग खोळंबेल, लोक कुरकुरतील, याची भीती बाळगू नका. मी सात वर्षं काउंटरवर काढली आहेत. नव्या स्वादाच्या एका कपासाठी माणसं अर्धा अर्धा तास हसतखेळत उभी राहतात. एक भांडं धुऊन होईपर्यंतही ती थांबली असती.